परसातला फायबरग्लास पूल: खड्डा, खडी आणि पावसाळा

मागच्या भागात घराच्या सोलरबद्दल बोललो, त्यानंतर बऱ्याच जणांनी विचारलं की गावच्या घरी स्विमिंग पूल बसवायचा तर काय बघायचं. योगायोगाने माझा मामेभाऊ अलिबागजवळ होमस्टे चालवतो आणि घरामागच्या वाडीत त्याला फायबरग्लासचा पूल हवाय. मी सॉफ्टवेअरवाला, बांधकामातला नाही. पण दादाचे पैसे अडकणार म्हटल्यावर सगळं नीट समजून घेतलं. ऐकायला वेळ नसेल तर हे वाचा.

म्हणजे नेमकं काय?

काँक्रीटचा पूल जागेवर बांधतात. फायबरग्लासचा पूल कारखान्यात साच्यावर तयार होतो. आधी आतला गुळगुळीत थर, ज्याला जेलकोट म्हणतात, मग त्यावर काचतंतू आणि रेझिनचे थर. तयार होतं ते एक अखंड भांडं. त्याला शेल म्हणतात. खड्डा खणायचा, शेल ठेवायचा, पाणी भरायचं. काँक्रीटला क्युरिंग, वॉटरप्रूफिंग, टाइल्स यात आठवडे जातात, इथे मुख्य काम काही दिवसांत होतं.

पण भांडं अखंड असल्यामुळे पहिला प्रश्न येतो रस्त्याचा. आपल्याकडे वाहनाची रुंदी २.६ मीटरपर्यंतच चालते. दादाला हवाय ६ मीटर लांब, ३ मीटर रुंद पूल. तो ट्रकवर तिरका उभा करून आणावा लागतो, मग उंची वाढते. गावातली वळणं, माडांच्या झावळ्या, विजेच्या तारा हे सगळं आधी टेप लावून मोजा. क्रेन कुठे उभी राहणार तेही ठरवा. ऑर्डर त्यानंतर.

बसवायची पद्धत

खड्डा शेलपेक्षा चारही बाजूंनी साधारण फूटभर मोठा. तळाला स्वच्छ बारीक खडीचा थर, एका पातळीत. गवंड्याकडून लेव्हल ट्यूबने तपासून घ्या, कारण पाणी खोटं बोलत नाही. शेल इंचभर जरी कलला तरी पाण्याची रेषा कायम तिरकी दिसणार. नंतर दुरुस्ती नाही.

खणलेली मातीच परत भरू, असं कोणी म्हटलं तर थांबवा. माती पावसात फुगते, खचते. खडी तशी वागत नाही, आणि तिच्यातून पाणी वाहून जातं.

आता सगळ्यात महत्त्वाची पायरी. आत पाणी आणि बाहेर खडी एकदमच चढवायची. फूटभर पाणी, फूटभर खडी, परत फूटभर पाणी. फक्त खडी भरली तर भिंत आत दबते, फक्त पाणी भरलं तर बाहेर फुगते. दोन्ही बाजूंचा दाब बरोबरीत ठेवायचा, एवढंच तत्त्व.

पाइप झाकण्याआधी त्यात दाब देऊन गळती तपासा. आमच्या भाषेत, प्रॉडक्शनला टाकायच्या आधी टेस्ट. मोटरच्या लाइनला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी आणि नीट अर्थिंग हवंच. लहान मुलं येणार असतील तर कुंपणही.

खरी गोष्ट: पावसाळा

दादाचं म्हणणं असं: "अरे, पावसाळ्यात गिऱ्हाईक नसतं. जूनला पूल रिकामा करून ठेवू, लाइटबिल वाचेल." ऐकायला बरोबर वाटतं. पण नेमकं हेच करायचं नाही.

हिशोब बघा. सरासरी खोली १.४ मीटर धरली तर पुलात सुमारे २५,००० लिटर पाणी, म्हणजे २५ टन. रिकामा शेल मात्र टनाच्या आसपास. कोकणात पाऊस दोन हजार मिलीमीटरच्या वर. खालचा खडक कठीण असेल तर खणलेला खड्डा हंड्यासारखा भरतो. समजा शेलभोवती ६० सेंटीमीटर पाणी साचलं. ६ × ३ × ०.६, म्हणजे जवळपास ११ घनमीटर पाणी बाजूला सारलं गेलं. वर ढकलणारा जोर ११ टनांचा. रिकामा शेल होडीसारखा वर येणार, पाइप तुटणार, कडेची फरशी उखडणार. आर्किमिडीज शाळेत वाचला होता, तो इथे भेटतो.

उपाय दोन. एक, पूल भरलेलाच ठेवायचा. दोन, बसवतानाच कोपऱ्यात तळाच्या खडीपर्यंत भोकं असलेला पीव्हीसी पाइप उभा सोडायचा, वर झाकण. बाहेर किती पाणी साचलंय ते त्यातून दिसतं आणि छोटा पंप सोडून उपसताही येतं. बसवताना हा पाइप स्वस्तात होतो. नंतर घालायचा तर सगळं खणावं लागतं.

आणि लाइटबिल? १ एचपीची मोटर साधारण ०.७५ किलोवॅट. सीझनमध्ये ६ तास चालली तर रोज साडेचार युनिट. पावसाळ्यात २ तास, म्हणजे दीड युनिट. क्लोरीन मात्र बंद करू नका, नाहीतर डासांची पैदास होईल.

कधी बसवायचा?

मे महिन्यात जमीन कोरडी, खणायला सोपी. पण २५,००० लिटर आणणार कुठून? १०,००० लिटरचे टँकर धरले तरी तीन लागतील. तेव्हा वाडीतल्या विहिरी तळाला गेलेल्या असतात आणि शेजारी हंडा घेऊन उभे. ऑक्टोबरात विहीर भरलेली, पण जमिनीतही पाणी. म्हणून मी दादाला डिसेंबर-जानेवारी सांगितलंय. भूजल उतरलेलं असतं, विहिरीला पाणी असतं. एकदा भरलं की तेच पाणी गाळून वर्षानुवर्षं वापरायचं, फक्त उडालेलं आणि सांडलेलं भरून काढायचं.

कंत्राटदाराला दोनच प्रश्न विचारा: बाजूला काय भरणार, आणि पाणी उपसायचा पाइप कुठे ठेवणार? उत्तर अडखळलं तर दुसरा माणूस बघा.

तुमचे प्रश्न पाठवा. पुढच्या भागात फिल्टर आणि क्लोरीनचं गणित बघू. भेटूया!