नाताळची तारीख कुठून आली?

पर्वत पाटिया, लिंबायत, गोडादरा या सुरतेतल्या वस्त्यांमध्ये खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे कापडधंद्याच्या आधाराने स्थिरावली आहेत. श्रावणात इथे कानबाई बसते, तिचे रोट होतात आणि १४ जानेवारीला गच्च्यांवर गुजराती शेजाऱ्यांबरोबर उत्तरायणाचे पतंग चढतात. याच शहरात कतारगाम रस्त्याच्या बाजूला इंग्रज, डच आणि आर्मेनियन व्यापाऱ्यांच्या जुन्या दफनभूमी आहेत. नाताळ जवळ आला की मोबाईलवर एक मजकूर हमखास फिरू लागतो: २५ डिसेंबर हा मुळात रोमन सूर्यदेवाचा सण, चर्चने तो बळकावला. त्याला उत्तर म्हणून दुसरा मजकूर येतो, की नाताळ पूर्णपणे बायबलमधला आहे. पुराव्याच्या कसोटीवर हे दोन्ही दावे टिकत नाहीत असे माझे मत आहे, आणि ते का टिकत नाहीत हे सुरतेतल्या त्या आर्मेनियन कबरींमुळे नीट कळते.

आधी बायबल पाहू. येशूच्या जन्माची हकीकत मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत आहे, पण दोघेही तारीख सांगत नाहीत, महिनाही सांगत नाहीत. लूकमध्ये मेंढपाळ रात्री उघड्यावर कळप राखताना दिसतात. यावरून ‘म्हणजे हिवाळा नव्हता’ असा निष्कर्ष काढणारे बरेच आहेत, पण बेथलेहेमच्या आसपास हिवाळ्यात मेंढरे बाहेर असणे अशक्य नाही, त्यामुळे या युक्तिवादाने काहीच सिद्ध होत नाही. सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांना जन्मतिथीचे अगत्यच कमी होते. तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती धर्मपंडित ओरिजेन तर वाढदिवस साजरा करणे हे फारो आणि हेरोद यांच्यासारख्यांचे काम मानत असे. इसवी सन २००च्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने जन्माच्या तारखांविषयीची निरनिराळी मते नोंदवली आहेत, त्यांत २५ डिसेंबर नाही. तेव्हा ‘तारीख बायबलमधली’ हा दावा इथेच संपतो.

आता सूर्याकडे वळू. आपला ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीज ‘नाताल’वरून आला आणि त्याचे मूळ लॅटिन ‘नातालिस’, म्हणजे जन्माचा, जन्मदिवस. हाच शब्द या वादातल्या सर्वांत महत्त्वाच्या कागदावर आहे. इसवी सन ३५४मध्ये रोममध्ये फिलोकालस नावाच्या कुशल लिपिकाराने व्हॅलेंटिनस नावाच्या एका ख्रिस्ती गृहस्थासाठी एक देखणे पंचांग तयार केले. मूळ प्रत गेली, नकला उरल्या. त्यात सरकारी सणांच्या यादीत २५ डिसेंबरपुढे ‘नातालिस’चे एकच अक्षर, मग ‘अजिंक्याचा’ एवढाच शब्द आणि रथांच्या ३० शर्यतींची नोंद आहे. अजिंक्य म्हणजे सूर्यदेव, असे अभ्यासक बहुधा मानतात. त्याच पुस्तकात हुतात्म्यांच्या स्मरणदिनांची एक यादी आहे. ती ३३६ सालच्या सुमाराची मानली जाते, आणि तिच्या अगदी आरंभीच २५ डिसेंबरपुढे लिहिले आहे की ख्रिस्त यहूदियातील बेथलेहेमात जन्मला. सूर्याचा जन्मदिवस आणि ख्रिस्ताचा जन्मदिवस, दोन्हींची पहिली खात्रीची नोंद एकाच बांधणीत आहे. कोणी कोणाचे घेतले, हे त्या पानांवरून ठरत नाही.

सम्राट ऑरेलियनने २७४ साली रोममध्ये सूर्याचे मंदिर उभारले, हे खरे. पण ते २५ डिसेंबरलाच उघडले, असे सांगणारा त्या काळचा पुरावा नाही. सूर्याचे मोठे खेळ ऑक्टोबरात होत. ज्या सॅटर्नेलिया या रोमन सणाचे नाव वारंवार घेतले जाते, तो १७ डिसेंबरला सुरू होऊन २३ला संपत असे. ‘सूर्याच्या सणावरून चर्चने तारीख उचलली’ असे स्पष्ट म्हणणारा जुना मजकूर मिळतो तो बाराव्या शतकातल्या एका सीरियन हस्तलिखिताच्या समासातल्या टिपणात. म्हणजे घटनेनंतर आठशे वर्षांनी, आणि तोही पूर्वेकडच्या जुन्या ६ जानेवारीची बाजू घेणारा.

ही ६ जानेवारी महत्त्वाची आहे. सुरतेत ज्यांच्या कबरी आहेत त्या आर्मेनियनांचे चर्च येशूचा जन्म आणि बाप्तिस्मा एकत्रच ६ जानेवारीला पाळते, आणि पूर्वेकडे पूर्वी हीच प्रथा होती. ३८६ साली अँटिऑकमध्ये जॉन क्रिसोस्टमने प्रवचनात सांगितले की २५ डिसेंबरचा सण आपल्याकडे येऊन दहा वर्षेही झालेली नाहीत. आर्मेनियनांनी तो बदल स्वीकारला नाही. आता नऊ महिने मागे मोजा. २५ डिसेंबरवरून २५ मार्च येतो आणि ६ जानेवारीवरून ६ एप्रिल. पश्चिमेकडे येशूच्या क्रूसावरील मृत्यूची तारीख २५ मार्च धरत, हे इसवी सन २००च्या सुमारास ख्रिस्ती लेखक तर्तुलियन लिहितो. पूर्वेकडे काही गट ६ एप्रिल धरत. ज्या दिवशी मरण, त्याच दिवशी गर्भधारणा, असा हिशेब ऑगस्टीनने पुढे उघड मांडला आहे. नुसता सूर्याचा सण उचलायचा असता, तर या दुसऱ्या तारखेचा मेळ कसा लावायचा?

यावर आक्षेप आहे आणि तो हलका नाही. गर्भधारणेचा हिशेब स्पष्ट शब्दांत मिळतो तो सण सुरू झाल्यानंतर, म्हणजे तो मागाहून केलेली जुळवाजुळवही असू शकतो. शिवाय पाचव्या शतकात पोप लिओने नाताळच्या प्रवचनात, संत पेत्राच्या मंदिराच्या पायऱ्यांवर वळून उगवत्या सूर्याला वाकणाऱ्या ख्रिस्ती लोकांची कानउघाडणी केली होती. लोकांच्या मनात सूर्य होताच. ते नाकारण्यात अर्थ नाही.

मला वाटते, उत्तर देवळात नाही, पंचांगात आहे. ज्युलियस सीझरच्या रोमन पंचांगात २५ मार्च हा वसंतसंपाताचा आणि २५ डिसेंबर हा दक्षिणायन संपण्याचा ठरीव दिवस होता. चौथ्या शतकापर्यंत प्रत्यक्ष सूर्य तीन-चार दिवस आधीच वळू लागला होता, तरी पंचांगातली तारीख हलली नाही. सुरतेच्या गच्च्यांवर हेच दिसते. सूर्य उत्तरेकडे वळतो तो २१ किंवा २२ डिसेंबरला, आणि उत्तरायणाचे पतंग उडतात १४ जानेवारीला. साधारण सतराशे वर्षांपूर्वी या दोन्ही गोष्टी एकाच सुमारास घडत, पुढे दोन्हींत अंतर पडत गेले, कारण सण सूर्याच्या मकर राशीतल्या प्रवेशाशी जोडलेला राहिला. रोममध्ये सूर्याचे भक्त आणि ख्रिस्ती हिशेबनीस दोघांच्याही हाती एकच पंचांग होते. एकाने दुसऱ्याचा सण चोरला असे म्हणण्यापेक्षा, दोघांनी एकाच भिंतीवरच्या कालनिर्णयावर बोट ठेवले, हे पुराव्याला अधिक धरून आहे.

नाताळचे झाड आणि चांदणी यांचा या प्राचीन वादाशी संबंध नाही. झाड सोळाव्या शतकात अल्सास प्रांतात दिसू लागते, कागदी चांदणी एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या मोरावियन शाळांमध्ये. बायबलमधल्या यिर्मयाच्या दहाव्या अध्यायात झाडाचा निषेध आहे असे सांगतात, पण तिथे लाकूड तासून सोन्याचांदीने मढवलेल्या मूर्तीबद्दल लिहिले आहे. ‘अमके झाड मूर्तिपूजकांचे, म्हणून सण खोटा’ असे म्हणणाऱ्याने तो अध्याय एकदा पूर्ण वाचावा.

आणि तारीख हा पंचांगाचाच मामला आहे, याचा दाखला सतराव्या शतकातल्या सुरतेइतका स्वच्छ क्वचित मिळेल. पोर्तुगीजांनी १५८२चे सुधारित ग्रेगोरियन पंचांग तेव्हाच घेतले होते, इंग्रजांनी ते १७५२पर्यंत घेतले नाही. त्यामुळे सुरतेच्या वखारीतला इंग्रजांचा २५ डिसेंबर उजाडे तेव्हा दमणच्या पोर्तुगीजांकडे ४ जानेवारी असे. इंग्रजांच्या शेजारी पुरलेल्या आर्मेनियनांचा नाताळ त्याहूनही पुढे, आणि त्यांचे चर्च आजही तो ६ जानेवारीलाच पाळते.