शिकागोच्या मापानं मुंबईची तबकडी

चरणजीत सिंग यांची ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियानं १९८२ मध्ये काढली, तेव्हा तिच्यावरून कुणी भांडलं नाही. भांडण व्हावं इतकी ती खपलीच नाही. एडो बाउमन या डच संग्राहकाच्या हाती ती पुढे दिल्लीत लागली आणि २०१० मध्ये त्यानं ती नव्यानं प्रसिद्ध केली, तेव्हा कुठे ऐकणाऱ्यांत तट पडले. अ‍ॅसिड हाउस ही नृत्यसंगीताची शैली शिकागोची आणि ‘फ्यूचर’ या त्रिकुटाची १९८७ मधली ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ हा तिचा आरंभ, असं तोवर धरलं जात होतं. इथे तर त्याच्या पाच वर्षं आधी मुंबईत तसाच गुरगुरता, लवचीक खर्ज ऐकू येत होता. काहींनी सिंग यांना अ‍ॅसिड हाउसचे जनक ठरवून टाकलं. काहींना हे इतकं अशक्य वाटलं, की अफेक्स ट्विन या ब्रिटिश संगीतकारानं केलेली ही चेष्टा असावी, अशी वावडीही उठली. चेष्टा नव्हती हे लवकरच स्पष्ट झालं, पण ‘काळाच्या पुढची तबकडी’ हे बिरुद तिला चिकटलं ते चिकटलंच.

मला हे बिरुद चुकीचं वाटतं. ही तबकडी १९८२ च्या मुंबईतच निघू शकत होती, इतकी ती त्या वेळेची आणि त्या शहराची आहे. सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदातले मुरलेले वादक. राहुलदेव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या ध्वनिमुद्रणांत त्यांनी वाजवलं होतं. या धंद्यात नव्या वाद्याला नेहमीच भाव असे. परदेशातून एखादं यंत्र आणलेला वादक चार कामं जास्त मिळवी, कारण पडद्यावरच्या प्रत्येक प्रसंगाला न ऐकलेला आवाज हवा असायचा. सिंग यांनी सिंगापूरहून आणलेली रोलँड कंपनीची यंत्रं याच व्यवहारातली. त्यात ठेक्यासाठी टीआर-८०८, खर्जासाठी टीबी-३०३ आणि सुरावटीसाठी ज्युपिटर-८ होता. दुसरीकडे ‘कुर्बानी’ने १९८० मध्ये आणि नाझिया हसनच्या ‘डिस्को दीवाने’ने १९८१ मध्ये डिस्कोची लाट आणलीच होती. ‘डिस्को डान्सर’ही १९८२ चाच. सगळेच डिस्को वाजवताहेत तर त्या ठेक्यावर राग का वाजवू नये, असा साधा विचार यामागे होता, हे सिंग यांनी नंतर मुलाखतींत सांगितलं आहे. त्यात भविष्यवेधी काही नाही. चलती कशाची आहे हे ओळखणाऱ्या कसबी वादकाचा तो हिशेब होता.

मग शिकागोशी इतकं साम्य आलं कुठून? एक कारण यंत्रात आहे. गिटारवादकाला एकट्यानं सराव करताना बास गिटारची साथ मिळावी म्हणून टीबी-३०३ बनवलं गेलं. ते बास गिटारसारखं मुळीच वाजेना, म्हणून बाजारात पडलं आणि १९८४ मध्ये त्याचं उत्पादनही थांबलं. शिकागोच्या पोरांच्या हाती ते आलं ते जुन्या बाजारात स्वस्तात. त्याच्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. शिकागोत त्या घसरणीला फिल्टरची बटणं पिळण्याची जोड मिळाली आणि शैली घडली. आपल्या कानाला तीच घसरण मींडेच्या जवळची वाटते. दुसरं कारण मला अधिक महत्त्वाचं वाटतं. पाश्चात्त्य पॉप गाण्याचा सांगाडा कॉर्डच्या फेरबदलांवर उभा असतो. रागाला ते फेरबदल नकोच असतात, त्याला षड्ज धरून ठेवणारं काहीतरी पुरतं. नाचणाऱ्यांना तंद्री लागावी म्हणून अ‍ॅसिड हाउसनंही कॉर्ड जवळजवळ टाकून दिल्या. दोन निराळ्या गरजा एकाच यंत्राशी येऊन भेटल्या, एवढंच.

यावर कुणी म्हणेल, पुढे असणं म्हणजे पुढच्यांवर प्रभाव टाकणं थोडंच? नंतर जे होणार ते आधी केलं, एवढं पुरे. पण प्रभाव असतो तिथे धागा दाखवता येतो. क्राफ्टवर्क या गटाच्या १९७७ मधल्या ‘ट्रान्स-युरोप एक्स्प्रेस’ची सुरावट १९८२ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘प्लॅनेट रॉक’ या गाण्यात उघड ऐकू येते. सिंग यांच्या तबकडीपासून शिकागोपर्यंत असा धागा कुणी दाखवलेला नाही. तो नसताना तिला ‘पुढची’ म्हणायचं, तर मोजपट्टी शिकागोची ठरते आणि मुंबईचं काम दुसऱ्याच्या इतिहासातली नवलाई होऊन बसतं. शोध आमचाच, असं म्हणून छाती फुगवणारेही नकळत हीच पट्टी वापरतात. सिंग यांना जनकपद देण्यात उदारपणा दिसतो खरा, पण त्यांनी त्या दहा रागांत काय केलं हे विचारायचं त्यात राहून जातं.

रागसंगीताच्या बाजूनं येणारा आक्षेप त्या मानानं खमका आहे. पाचेक मिनिटांत राग, आलापाला जागा नाही, यंत्राचा ठेका तसूभर हलत नाही आणि पट्ट्यांवर बांधलेले बारा स्वर श्रुतींना दाद देत नाहीत. यातला शेवटचा मुद्दा मराठी कानांना जुनाच आहे. याच दोषापायी आकाशवाणीनं १९४० पासून तीनेक दशकं पेटीला बंदी केली होती. आणि गोविंदराव टेंब्यांच्या पेटीवर जीव टाकणारा महाराष्ट्र त्या बंदीनं बधला नाही. तेव्हा वाद्य पट्ट्यांचं आहे म्हणून राग बाद, हे मान्य करता येत नाही. पाहायचं ते एवढंच, की कोणता राग या साच्यात तगतो. तसं पाहिलं की दहांत डावं-उजवं कळतं. भैरवाचा आंदोलित रिषभ आणि तोडीचा गंधार यांना स्वराच्या अधल्यामधल्या जागा लागतात, आणि सरकत्या सुरानं त्यांची भरपाई होत नाही. भूपाली आणि कलावती पाच स्वरांचे, उघड्या चालीचे. त्यांना वेगवान ठेका सोसतो, कलावतीला तर तो शोभतोही. मालकंसही पाचच स्वरांचा, पण त्याचा सगळा भार मध्यमावर थांबण्यात आहे, आणि हे यंत्र त्याला थांबू देत नाही.