‘हलके’ म्हणजे किती हलके?

मैत्रिणींनो, ‘ह्यां’चे ब्लडप्रेशर निघाले आणि आमच्याकडे बटाट्याचे वेफर्स बंद झाले. त्यांच्या जागी ‘बेक्ड’ वेफर्स आले. मी अगदी निर्धास्त! एका संध्याकाळी पाहते तो काय, शंभर ग्रॅमची पुडी रिकामी! वर म्हणतात कसे, “अगं, हलकंच आहे ना?”

मग मी पुडीची मागची बाजू वाचली. तळलेल्या वेफर्समध्ये शंभर ग्रॅमला साधारण 35 ग्रॅम तेल असते. भाजलेल्यांत ते बरेच कमी, हे खरे. पण तेल घटले म्हणून मीठ घटतेच असे नाही! पुडीवर ते ‘सोडियम’ म्हणून लिहितात. त्या आकड्याला अडीचने गुणा, म्हणजे मीठ कळेल. 800 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे 2 ग्रॅम मीठ! जागतिक आरोग्य संघटना तर मोठ्या माणसाला दिवसाकाठी 5 ग्रॅमहून कमीच मीठ घ्या म्हणते, आणि त्यात आपली भाजी-आमटीही आली.

आता मी पातळ पोहे कोरडेच भाजते. चमचाभर तेलाची फोडणी, कढीपत्ता, थोडे डाळे आणि मीठ बेताचे. चिवडा वाटीत काढून देते, डबा मात्र फडताळात! तुम्हीही आज घरातली एखादी पुडी उलटून पाहा बरं.