केनिया आणि झिम्बाब्वे : छोट्या मालिकेचे मोल

मलकापूरच्या व्यासपीठावरून आफ्रिकेतील दोन क्रिकेट संघांविषयी बोलावे, हे कित्येकांना विचित्र वाटेल. क्रिकेटवर बोलण्याचा आमचा अधिकारही बेताचाच. आमचे आयुष्य जिनिंग-प्रेसिंगचे कामगार आणि बाजारातील हमाल यांच्या संघटनेत गेले. जे काही वाचन झाले ते रात्री, युनियनच्या कचेरीत. तथापि या विषयात एक प्रश्न असा आहे, की तो आमच्याही घरचा आहे. हातात कसब असलेल्या माणसाला वर्षभर काम मिळाले नाही, तर त्या कसबाचे काय होते?

१९९६ सालची गोष्ट. विश्वचषकाचे सामने आपल्या देशात चालू होते. आम्ही तेव्हा ऐन पंचविशीत होतो आणि एका जिनात गाठी उचलण्याच्या कामावर होतो. २९ फेब्रुवारीला पुण्याच्या नेहरू स्टेडियमवर केनियाची गाठ वेस्ट इंडिजशी होती. दोनदा जगज्जेते ठरलेल्या संघापुढे पहिल्यांदाच विश्वचषकात उतरलेला संघ! केनियाने १६६ धावा केल्या. त्यांत सर्वांत मोठी वैयक्तिक धावसंख्या स्टीव्ह टिकोलोची, तीही अवघी २९. फाटकासमोरच्या चहाच्या दुकानात रेडिओ होता. लारा बाद झाल्याचे कळले तेव्हा आमच्यातले कित्येक जण हसले. कारण निवेदक चुकला असेल असेच त्यांना वाटले. निवेदक चुकला नव्हता. वेस्ट इंडिजचा डाव ९३ धावांत आटोपला. कर्णधार मॉरिस ओडुंबे याने दहा षटकांत १५ धावा देऊन तीन बळी घेतले. दुसऱ्याच दिवशी, म्हणजे १ मार्चला, आपल्या नागपुरात झिम्बाब्वेचा संघ ऑस्ट्रेलियाकडून हरला. पाटण्याला हे दोन आफ्रिकी संघ त्याआधी दोनच दिवस एकमेकांशी खेळले होते आणि तिथे झिम्बाब्वेने बाजी मारली होती.

केनियात हा खेळ कसा रुजला, तेही थोडक्यात सांगितले पाहिजे. १८९६ साली इंग्रजांनी मोंबासाहून आत रेल्वे नेण्यास आरंभ केला, तेव्हा हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर करारावर नेले. त्यांतले अधिक पंजाबचे. मागोमाग गुजरातचे व्यापारी आणि गोव्याचे कारकून गेले. नैरोबीत या लोकांचे जिमखाने निघाले, आणि त्यांच्या मैदानांवर पुढे आफ्रिकी मुलेही खेळ शिकली. म्हणून पुण्यात जिंकलेल्या संघात टिकोलो आणि ओडुंबे होते, तसा हितेश मोदीही होता. मजुरांच्या मागे गेलेला खेळ शंभर वर्षांनी पाहुणा होऊन आपल्याकडे आला, असे म्हणायला हरकत नाही.

आमच्या जिनात त्या साली हंगाम संपला तसा मुकादमाने हिशेब हातावर ठेवला आणि म्हणाला, "आता कार्तिकात या." काम चांगले केले की वाईट, हा प्रश्नच नव्हता. हंगाम संपला, माणूस संपला. केनियाच्या संघाचेही असेच झाले.

२००३ साली विश्वचषक आफ्रिकेत भरला. केनियाचे प्रशिक्षक होते आपले मुंबईचे संदीप पाटील. न्यूझीलंडचा संघ सुरक्षिततेचे कारण सांगून नैरोबीला आलाच नाही, त्याचे गुण केनियाला मिळाले, हे खरे. परंतु श्रीलंकेला त्यांनी ५३ धावांनी हरवले ते मैदानावर. १२ मार्चला ब्लूमफाँटेन येथे झिम्बाब्वेला १३३ धावांत गुंडाळून सात गडी राखून जिंकले आणि उपांत्य फेरी गाठली. तिथे भारताने त्यांना ९१ धावांनी हरवले. कसोटी दर्जा नसलेला संघ प्रथमच इतका वर चढला होता.

आणि पुढे? पुढच्या जवळजवळ तीन वर्षांत त्यांच्या वाट्याला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके एकदिवसीय सामने आले. मोठ्या देशांनी टाळ्या वाजवल्या, पण दौरे आखले नाहीत. दौरा नाही म्हणून प्रक्षेपणाचा पैसा नाही. पैसा नाही म्हणून खेळाडूंचे वेतन थकले. २००४ साली ज्येष्ठ खेळाडूंनी संप पुकारला. तेथील संघटनेचा कारभार इतका विस्कटला, की २००५ साली ती मोडून नवी संस्था स्थापावी लागली. तिचे अध्यक्ष समीर इनामदार. आडनाव आपल्या कानांना ओळखीचे वाटावे असे.

शेजारी झिम्बाब्वेत तरी काय निराळे होते? २००४ साली कर्णधार हीथ स्ट्रीक याला दूर केले. त्याच्या बाजूने उभ्या राहिलेल्या खेळाडूंशी मंडळाचा तंटा विकोपाला गेला आणि अनुभवी संघच्या संघ बाहेर पडला. वेतनाचा आणि कराराचा वाद २००५ मध्येही पेटला. जानेवारी २००६ मध्ये झिम्बाब्वेने कसोटी खेळणे थांबवले.

अशा वेळी, फेब्रुवारी-मार्च २००६ मध्ये, केनियाचा संघ पाच एकदिवसीय सामन्यांसाठी झिम्बाब्वेला गेला. इकडे संपातून परतलेला टिकोलो कर्णधार, तिकडे विशी-पंचविशीची पोरे घेऊन उतरलेला टेरी डफिन. एक सामना होऊ शकला नाही; उरलेल्या चारांत दोन-दोन अशी बरोबरी झाली. जगाने या मालिकेकडे ढुंकूनही पाहिले नाही. आमच्या मते मात्र ती फार महत्त्वाची होती.

कारण स्पर्धेतला एक सामना म्हणजे एका दिवसाची परीक्षा. हरलात की घरी. छोट्या मालिकेत आज हरलेल्याला दोन दिवसांनी तोच गोलंदाज पुन्हा भेटतो. चूक कळते, ती सुधारता येते, नवख्या पोराला दुसरी संधी देता येते. शेजाऱ्याकडे जायचे म्हणून प्रवासाचा खर्च कमी. सामन्यागणिक मानधन मिळते, म्हणजे घरी चूल पेटते. विश्वचषक हा सण आहे. या मालिका म्हणजे रोजची भाकर.

ही भाकर केनियाला पुरेशी मिळाली नाही. २००९ च्या जानेवारी-फेब्रुवारीत झिम्बाब्वेने केनियाला केनियातच पाचही सामन्यांत हरवले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात आपल्या घरी चार-एक असे. २०११ साली झिम्बाब्वे कसोटीत परतले. केनियाने मात्र २०१४ साली एकदिवसीय सामन्यांचा दर्जाही गमावला.

आता कोणी विचारील, की भांडण तर दोन्ही घरांत होते, मग एक वाचला आणि दुसरा का बुडाला? आमचे उत्तर साधे आहे. झिम्बाब्वे आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचा पूर्ण सदस्य होता. म्हणजे कायम कामगार. त्याचा कारभार बिघडला तरी उत्पन्नातला वाटा आणि दौऱ्यांची शक्यता टिकून राहिली. केनिया हा बदली कामगार. त्याने एका दिवशी दोन माणसांचे काम करून दाखवले, तरी हजेरीपटावर त्याचे नाव चढले नाही. केनियाच्या कारभाऱ्यांचा दोष आम्ही झाकत नाही. ज्यांनी घराचा हिशेब नीट ठेवला नाही, त्यांनी खेळाडूंचे नुकसान केलेच. परंतु कारभारी चुकला म्हणून कामगाराचे नाव कापणे, हा न्याय आम्ही जिनातही मानला नाही.

पुण्याचा तो विजय लोक आजही आठवतात आणि चमत्कार म्हणतात. चमत्कार म्हटले, की पुढची जबाबदारी टळते. ते दहा षटकांचे नेमके गोलंदाजीचे काम होते, आणि काम करणाऱ्याला उद्याही काम हवे असते. पुढच्या वेळी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात दोन लहान देशांच्या मालिकेचा निकाल दिसला, तर तो वाचल्याशिवाय पान उलटू नका, एवढेच आमचे सांगणे आहे.