एडीएचडी: आईबापांनी शिकायचं ते कशासाठी?

‘डॉक्टरांनी आम्हालाच शिकायला सांगितलं, म्हणजे चूक आमचीच.’ हा गैरसमज सर्वात जास्त दुखावतो, म्हणून आधी तोच. एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता, ही मेंदूच्या वाढीशी जोडलेली अवस्था आहे. जुळ्यांच्या अभ्यासांत तिच्यातला आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्क्यांच्या घरात आढळला आहे. फाजील लाडाने ती होत नाही. मुलाशी कसं वागायचं याचं प्रशिक्षण पालकांना द्यायचं, कारण लहान मुलाचा दिवस त्यांच्याच सोबत जातो.

‘दोन फटके दिले की सरळ होतं.’ फटक्याने पोर क्षणभर गप्प होतं, काय करायचं ते शिकत नाही. या मुलांवर लांबच्या बक्षिसाचा असर कमी होतो. सकाळी दिलेलं संध्याकाळच्या खाऊचं वचन कामाला येत नाही. म्हणून प्रशिक्षणात शिकवतात: जवळ जा, एका वेळी एकच गोष्ट सांगा. ‘चपला जागेवर ठेव.’ ठेवल्या की तिथल्या तिथे म्हणा, ‘सांगितल्याबरोबर ठेवल्यास, छान!’ किरकोळ कुरकुरीकडे कानाडोळा; मारामारीला आधी ठरवलेली छोटी शिक्षा, दरवेळी तीच. रोज थोडा वेळ मुलाच्या मनासारखा खेळ, त्यात सूचना नाहीत. कानाडोळा सुरू केला की हट्ट आधी वाढतो, मग उतरतो. तिथे धीर सोडू नये. कांदा काढणीच्या दिवसांत पोर आजीकडे असेल, तर आजीलाही हे शिकवावं. एका घरात दोन नियम चालत नाहीत.

‘खरा इलाज गोळीच.’ अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१९च्या मार्गदर्शनानुसार चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी आधी पालक-प्रशिक्षण. ते पुरलं नाही तरच औषधाचा विचार. सहा वर्षांनंतर औषधाचा चांगला उपयोग होतो, त्याला घाबरू नये. प्रशिक्षणाने चंचलता नाहीशी होत नाही, पण घरातली भांडणं आणि हट्ट कमी होतात. ज्या घरात रोज रडारड चालते, तिथे हे फार मोठं आहे.

‘शाळेत गेला की सुधारेल.’ तीन वर्षांचं पोर चुळबुळं असतंच. पण घरी आणि अंगणवाडीत, दोन्हीकडे, सहा महिन्यांहून जास्त हेच चाललं असेल तर डॉक्टरांना दाखवा. ऐकू येणं, नजर, झोपही तपासून घ्या. २०१३पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी-यादीत एडीएचडी आहे. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. काही मिनिटांच्या तपासणीत वागणूक दिसत नाही, म्हणून सेविकाताईंना आधीच सांगून ठेवा आणि जवळच्या उपजिल्हा रुग्णालयात बालरोगतज्ज्ञांबद्दल विचारा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.