विश्वाचा उगम आणि जुळवाजुळव

भुकूमच्या खाटपेवाडी परिसरात रामनदी उगम पावते आणि बावधन, पाषाणमार्गे पुढे जाऊन मुळेला मिळते. नदीचा उगम असा जाऊन पाहता येतो. विश्वाचा येत नाही. तरीही ‘महास्फोट आपल्या ग्रंथांत आधीच सांगितलेला आहे’ असे आमच्याकडे प्रवचनांतून नेहमी ऐकू येते. हा दावा तपासून पाहावा, असे मला वाटते.

आधी ग्रंथ काय म्हणतात ते पाहू. ऋग्वेदातील नासदीय सूक्त (१०.१२९) सात ऋचांचे आहे. सृष्टी कशी झाली हे तिच्या अध्यक्षाला तरी ठाऊक असेल का, या शंकेवर ते थांबते. जैन दर्शनात विश्व अनादी-अनंत आहे, त्याला कर्ता नाही. ‘अमृतानुभवा’त ज्ञानेश्वर जगाला चैतन्याचा विलास मानतात, जग केव्हा झाले यापेक्षा ते मुळात काय आहे, हा तिथला विचार आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या, १६१६ साली गोव्यात छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’त बायबलमधील सृष्टिकथा मराठी ओवीत येते. तिथे ईश्वर हाच निर्माता आहे. ही चार उत्तरे एकमेकांशीच जुळत नाहीत. मग सगळी एकाच सिद्धान्ताशी कशी जुळतील?

महास्फोटाच्या कल्पनेचे एक जनक जॉर्ज लमेत्र हे स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी नव्या विश्वशास्त्रात निर्मात्याची साक्ष पाहिली, तेव्हा लमेत्र यांना ती सांगड रुचली नाही. विज्ञान आणि श्रद्धा यांचे मार्ग वेगळे आहेत, असे ते मानत.

त्यांची सावधगिरी योग्यच होती. १९४८ मध्ये हॉइल, बाँडी आणि गोल्ड यांनी आरंभ नसलेल्या विश्वाचा स्थिर-स्थिती सिद्धान्त मांडला. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या ‘आयुका’चे संस्थापक-संचालक जयंत नारळीकर यांनी हॉइल यांच्यासह तो विचार पुढे नेला. १९६५ मध्ये वैश्विक सूक्ष्मलहरी प्रारणाचा शोध जाहीर झाला आणि पारडे महास्फोटाकडे झुकले. निरीक्षण बदलले की सिद्धान्त बदलतो, हेच विज्ञानाचे बळ.

ग्रंथाचे मोल अशा जुळणीवर ठरवले, तर पुढच्या शोधाबरोबर ते घटेल. नासदीय सूक्ताचा मोठेपणा त्याने उत्तर आधी दिले यात नाही. प्रश्न उघडा ठेवण्याचे धैर्य दाखवले, यात आहे.