थोरला आला तरी धाकटा राहू द्या

कार्तिकातली काकडआरती. पहाटेचे पाच वाजलेले, सभामंडपात दोन पिवळे बल्ब, बाकी सगळा उजेड हातातल्या काकड्यांचा. माझ्याकडे निकॉनचा डी७२०० होता. त्यावर ३५ मिलिमीटरची लेन्स, अ‍ॅपर्चर एफ/१.८ म्हणजे सताड उघडं, आयएसओ ६४००. समोरच्या आजींच्या गालावरचा उजेड सुरेख आला. पण लुगड्याच्या निऱ्यांत आणि कानामागच्या सावलीत रंगीत रवा सांडल्यासारखा दिसत होता. घरी येऊन तो रवा कॉम्प्युटरवर पुसायला गेलो, तर आजींच्या सुरकुत्याही पुसल्या गेल्या. फुल-फ्रेमचा विचार तेव्हा पहिल्यांदा मनापासून केला.

असा विचार करणारे आज पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यासाठी दिवसही बरे आहेत. २०१८पासून निकॉन आणि कॅनन या दोघांनीही फुल-फ्रेम मिररलेसची वाट धरली. व्यावसायिक मंडळी तिकडे वळली आणि त्यांच्या हातातल्या डीएसएलआर बॉडी जुन्या बाजारात आल्या. माझी नजर ज्यावर होती तो डी७५० हा २०१४चा, २४ मेगापिक्सेलचा. माझ्याकडच्या डी७२००ची बॅटरी, चार्जर आणि एसडी कार्डं त्याला जशीच्या तशी चालतात. घरात दुसरा कॅमेरा येणार असेल, तर ही सोय क्षुल्लक समजू नये.

पण आधी ‘फुल’ या शब्दाने घातलेला घोळ निस्तरू. ३६ बाय २४ मिलिमीटर हे फुल-फ्रेम सेन्सरचं माप काही कुणी आदर्श म्हणून ठरवलेलं नाही. सिनेमासाठी वापरली जाणारी ३५ मिलिमीटरची फिल्म ऑस्कर बार्नाक या जर्मन तंत्रज्ञाने छोट्या स्थिरचित्रण कॅमेऱ्यात आडवी बसवली आणि सिनेमाच्या दोन चौकटींएवढी एक चौकट धरली. १९२५मध्ये लायका बाजारात आला आणि पुढे तेच माप रूढ झालं. डिजिटल युगात एवढा मोठा सेन्सर बनवणं फार खर्चाचं होतं, कारण सिलिकॉनच्या एका चकतीतून मोठे तुकडे मोजकेच निघतात आणि एकेका दोषापायी मोठा तुकडा वाया जातो. म्हणून निकॉनने १९९९च्या डी१मध्ये साधारण २४ बाय १६चा लहान सेन्सर घातला. त्यांचा पहिला फुल-फ्रेम, डी३, आला तो २००७मध्ये. मधली आठ वर्षं निकॉनवाल्या वृत्तछायाचित्रकारांनी सगळं डिजिटल काम याच लहान सेन्सरवर केलं. तेव्हा ‘क्रॉप सेन्सर’ म्हणजे शिकाऊ माणसाचा कॅमेरा, हा समज डोक्यातून काढून टाका.

मग मोठ्या सेन्सरवर काकडआरती बरी का येते? याचं उत्तर मला मोजपट्टीने पटलं. माझ्या लहान सेन्सरच्या डी७२००वर ३५ मिलिमीटरची लेन्स जेवढा देखावा दाखवते, जवळपास तेवढाच फुल-फ्रेमवर ५०ची दाखवते. दोन्ही एफ/१.८ असल्या तरी हा आकडा भागाकाराचा आहे. ३५ला १.८ने भागलं की उजेड आत येण्याचं भोक १९ मिलिमीटरचं निघतं, ५०ला भागलं की २८चं. भोकाचं क्षेत्रफळ दुप्पट! आजींकडून येणारा उजेड दुप्पट गोळा होतो आणि सावलीतला रवा कमी होतो. फरक सुमारे एका स्टॉपचा, म्हणजे आयएसओ ६४००चा फोटो जुन्या कॅमेऱ्याच्या ३२००इतका स्वच्छ. अजिंठ्याच्या लेण्यांत, जिथे फ्लॅशला बंदी आहे, तिथे हा एक स्टॉप मोलाचा आहे.

दुकानदार सांगत नाहीत अशी एक गोष्ट यातच दडलेली आहे. मोठं भोक म्हणजे कमी खोलीपर्यंत स्पष्टता. आजी आणि त्यांच्या मागची नात दोघी स्पष्ट हव्या असतील, तर फुल-फ्रेमवर अ‍ॅपर्चर साधारण एका स्टॉपने बारीक करावं लागतं. तसं केलं की कमावलेला उजेडही गेला. थोरल्याचा, म्हणजे फुल-फ्रेमचा, फायदा घ्यायचा तर ती उथळ स्पष्टता आवडायला हवी, किंवा विषय तरी असा हवा की तिने बिघडणार नाही.

आता उलट उदाहरण, भिगवणचं. उजनीच्या पाण्यात नावेत बसलो आहोत आणि समोर चक्रवाक आहे. लेन्स दोन्ही कॅमेऱ्यांवर तीच, ५०० मिलिमीटरची. पक्षी तेवढ्याच अंतरावर असल्याने सेन्सरवर त्याची प्रतिमा तेवढीच पडणार. समजा, सहा मिलिमीटर उंचीची. डी७२००मध्ये एका मिलिमीटरला सुमारे २५५ पिक्सेल आहेत, डी७५०मध्ये सुमारे १६८. म्हणजे तोच पक्षी धाकट्यावर दीड हजार पिक्सेल उंचीचा येतो आणि थोरल्यावर हजाराचा. पिसांचे पदर कुठे दिसतील ते उघड आहे. भर उन्हात, लांबच्या पक्ष्यासाठी, धाकटाच सरस. फुल-फ्रेमवर तेवढंच जवळ जायचं तर ७५० मिलिमीटरची लेन्स लागेल, आणि तिची किंमत व वजन पेलणारे हौशी लोक थोडेच.

म्हणून मी म्हणतो, थोरला जरूर आणा, पण त्याच्या पैशांसाठी धाकटा विकू नका. जुन्या डीएक्स, म्हणजे लहान सेन्सरच्या, बॉडीला आज मोबदला तुटपुंजा मिळतो आणि कामाला ती पूर्ण धडधाकट असते.

खरा खर्च बॉडीच्या मागून येतो. धाकट्यासाठी घेतलेल्या डीएक्स लेन्सा निकॉनच्या फुल-फ्रेमवर बसतात. पण चौकट आपोआप आकसते आणि २४ मेगापिक्सेलचे दहाच उरतात. कॅननमध्ये तर ईएफ-एस लेन्स फुल-फ्रेम डीएसएलआरवर बसतच नाही. म्हणून आधी लेन्सचा हिशेब मांडा, मग बॉडी शोधा. माझं काम वडिलांच्या कपाटाने भागवलं. त्यांच्या फिल्म कॅमेऱ्याची ऑटोफोकस ५० मिलिमीटर लेन्स तिथे होती. धाकट्यावर ती ७५सारखी वागायची, भिंतीला पाठ टेकली तरी खोली मावायची नाही. डी७५०वर लावली आणि वडील ज्या लेन्समधून आम्हा भावंडांना बघत होते, तीच नजर परत मिळाली. मात्र १९७७च्या आधीची निकॉन लेन्स हाती आली, तर जाणकाराला दाखवल्याशिवाय आधुनिक बॉडीवर चढवू नका. नुकसान होऊ शकतं.

बॉडी बघायला मी मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारात गेलो. तिथल्या एका दुरुस्तीवाल्या काकांना विचारलं, “काका, शटर काउंट किती चालेल?”

“तो बघालच हो. आधी पालथा करा, स्क्रू बघा,” ते म्हणाले.

स्क्रूच्या डोक्यावर ओरखडे असतील, तर कॅमेरा कधीतरी उघडला गेला आहे. फ्लॅश बसवायच्या पट्टीचा काळा रंग उडालेला असेल, तर त्याने लग्नं पाहिली आहेत. एका लग्नात दोन-तीन हजार फोटो सहज निघतात, आणि डी७५०चं शटर दीड लाख फोटोंपर्यंत तपासलेलं आहे; तीन हजार धरले तर पन्नास लग्नांत आयुष्य तिथवर पोचतं. दीड लाखानंतर ते लगेच बंद पडतं असं नाही, पण किमतीत ते दिसायला हवं. निकॉनमध्ये शटर काउंट, म्हणजे आतापर्यंत काढलेल्या फोटोंचा आकडा, ताज्या फोटोच्या फाइलमध्येच नोंदलेला असतो. मग एफ/१६वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, सेन्सरवरचे डाग त्यात दिसतील. लेन्सला टोपण लावून तीस सेकंदांचं एक्स्पोजर द्या, अंधारात पेटून राहिलेले पिक्सेल कळतील. सोबत लेन्स मिळत असेल, तर तिच्यातून टॉर्च मारून बघा. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात बुरशी लागते, कोळ्याच्या जाळ्यासारख्या तंतूंची. हे न करता मी एकदा एक लेन्स घेतली होती. साफ करायला तिच्या किमतीच्या निम्मे पैसे गेले आणि काचेवरचा पुसट डाग राहिला तो राहिलाच.

तेव्हा जाताना स्वतःचं रिकामं कार्ड, लहान टॉर्च आणि धाकट्याची भरलेली बॅटरी खिशात असू द्या. बॉडीवरचा क्रमांक बिलावरच्या क्रमांकाशी ताडून घ्या. आणि काढलेले फोटो मोठ्या पडद्यावर उघडून बघितल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.